सासऱ्यांची शुगर, कुंडीतलं ‘इन्सुलिन’ आणि गुडमारची पुडी

पत्र असं आलंय (थोडं कापून देते):

‘नमस्कार ताई, आम्ही पेडणे तालुक्यात राहतो. सासरे ६७ वर्षांचे, शुगर बऱ्याच वर्षांची. मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड १ अशा गोळ्या आहेत. शेजारच्या काकांनी त्यांना इन्सुलिनचं झाड म्हणून एक कुंडी दिली, तेव्हापासून रोज सकाळी उठल्याबरोबर दोन पानं चावतात. वर म्हापशाच्या बाजारातून गुडमारची पावडर आणलीय, ती पण एक चमचा. त्यांचं म्हणणं दोन्ही एकच. पावडर तोंडात घोळवली की साखर गोडच लागत नाही, म्हणजे शुगर मेली असं ते सगळ्यांना सांगतात. संध्याकाळची मेटफॉर्मिन त्यांनी परस्पर बंद केली हे आम्हाला आत्ता कळलं. परवा सकाळी देवळातून येताना घाम फुटून वाटेतच बसले, थोड्या वेळाने बरं वाटलं म्हणून कुणाला काही बोलले नाहीत. मागचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ८.१ होतं. आता चवथ (गणेश चतुर्थी) आलीय, म्हणतात पावडर चघळून नेवऱ्या (करंज्या) खाणार. डॉक्टरना यातलं काहीच माहीत नाही. हे झाड खरंच काम करतं का, रिसर्च आहे का, गोळ्या सोडता येतील का? आमच्या मिस्टरांनी पण आपल्याला होऊ नये म्हणून पावडर सुरू केलीय, ते ३९ चे आहेत. — एक सून’

बाय, आधी ते देवळाच्या वाटेवरचं बघूया, झाड-पाला सगळं नंतर. पहाटे पोटात अन्नाचा कण नाही, ग्लिमेपिराइड घेतलेली, त्यावर पानं आणि पावडर, आणि मग चालत देवळात जाऊन येताना घाम फुटून बसले, हे शुगर एकदम खाली गेल्याचं असू शकतं. असू शकतं म्हणते कारण तेव्हा कुणी मोजली नाही. आणि या वयात, इतक्या वर्षांची शुगर असलेल्या माणसाला असा घाम हार्टमुळे पण फुटतो, छातीत दुखलं नाही तरी. त्यामुळे थोड्या वेळात बरं वाटलं म्हणून सोडून देऊ नको, हे वाचून झालं की डॉक्टरना फोन कर, परवा असं असं झालं म्हणून सांग आणि ईसीजी काढून घे. चवथीची साफसफाई एक दिवस थांबली तरी चालेल.

आता गंमत बघ. दोन गोळ्यांमधली बाबांनी बंद केली कुठली, तर मेटफॉर्मिन, जी एकटी सहसा शुगर खूप खाली पाडतच नाही. आणि चालू ठेवली कुठली, तर ग्लिमेपिराइड, जी स्वादुपिंडाला दामटून इन्सुलिन बाहेर काढायला लावते, तुम्ही जेवलाय की उपाशी आहात हे ती बघत बसत नाही. म्हणजे संध्याकाळी शुगर वर राहणार आणि सकाळी खाली घसरायचा धोका, दोन्हीकडून तोटा. मी मेडिकल स्टोअरच्या काउंटरमागे आयुष्य काढलंय, आणि माणसं गोळी सोडतात तेव्हा नेहमी पोटात गुडगुड करणारीच आधी सोडतात, आणि मेटफॉर्मिन पोटात गुडगुड करते. बाबांना पण तेच होत असेल तर विचार, कारण त्याला साधा उपाय आहे, जेवणाबरोबर घ्यायची किंवा डॉक्टर हळूहळू सुटणारी गोळी लिहून देतात.

शुगर खाली गेली की काय करायचं हे घरात सगळ्यांना माहीत पाहिजे, तुमच्या पोरांना पण. घाम, हात थरथरणं, धडधड, एकदम भूक, डोकं गरगरणं, बोलणं अडखळणं किंवा विनाकारण चिडणं, यातलं काही दिसलं की ग्लुकोमीटर लाव, ७० च्या खाली असेल तर (आणि मीटर जवळ नसेल तर न मोजताच) तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात ढवळून दे, पंधरा मिनिटांनी परत मोज, अजून खालीच असेल तर परत दे आणि मग काहीतरी जेवायला दे. शुद्धीत नसतील तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन. आणि तुमच्या घरात एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवावी लागणार, ती म्हणजे पावडर खाल्ल्यावर बाबांना ते साखरपाणी गोड लागणारच नाही. ते म्हणतील हे काय साधं पाणी दिलंस, साखर घातलीच नाहीस. घातलीय म्हणून सांगायचं आणि पाजायचं. जिभेला कळली नाही तरी रक्ताला कळते.

आणि इथेच बाबांच्या सगळ्या थिअरीचं उत्तर आलं बघ.

गुडमारच्या पानात जिम्नेमिक ॲसिड म्हणून काही पदार्थ असतात, ते जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागेवर जाऊन बसतात आणि साखरेला तिथे जागाच उरत नाही. अर्धा तास, कधी तासभर. मग लाळेबरोबर ते धुऊन गेलं की परत सगळं गोड. तेवढ्या वेळात कडू, खारट, आंबट नेहमीसारखं लागतं, फक्त गोड गायब. साखर खाल्ली तर तोंडात वाळू चावल्यासारखी लागते. हा परिणाम एकदम खरा आहे, त्याला रिसर्चची पण गरज नाही, पान चाव आणि बघ. पण तो जिभेवरचा परिणाम आहे. पोटात गेलेली साखर पोटात गेलीच, ती पचते, रक्तात येते, मीटरवर दिसते. ‘गोड लागत नाही म्हणजे शुगर मेली’ हे म्हणजे मीटरवर कापड टाकून लाइटबिल कमी झालं म्हणण्यासारखं.

आता दोन्ही एकच का, तर नाही, आणि लांबचे नातेवाईक पण नाहीत. तू पत्रात लिहिलंयस की कुंडीतल्या झाडाची पानं दांड्याभोवती जिन्यासारखी फिरत वर जातात आणि मध्ये केशरी फूल येतं, पान चावलं तर आंबट लागतं. ते कॉस्टस जातीचं झाड, मूळ ब्राझीलचं, आपल्याकडे शोभेचं म्हणून आलं आणि मग कुणीतरी त्याला इन्सुलिन प्लांट नाव ठेवलं, झालं, आता गोव्यात अर्ध्या घरांच्या व्हरांड्यात ती कुंडी आहे. आपल्या रानात पावसाळ्यात पांढऱ्या फुलांचं पेव उगवतं ना, कातळाच्या कडेला, ओहोळाच्या बाजूला, त्याची ही चुलत बहीण. गुडमार म्हणजे वेल. झाडा-कुंपणावर चढतो, पानं समोरासमोर जोडीने येतात, त्यावर बारीक मऊ लव असते, फुलं बारकी पिवळसर, गुच्छात. त्याला मधुनाशिनी पण म्हणतात, आपल्याकडचे जुने लोक बेडकीचा पाला म्हणतात.

ओळखायची सगळ्यात सोपी पद्धत जिभेवरच आहे. पान किंवा पावडर मिनिटभर तोंडात नीट घोळवायची, थुंकायची, चूळ भरायची आणि मग चिमूटभर साखर जिभेवर ठेवायची. साखर गोड लागली तर ते गुडमार नव्हे, किंवा असलं तरी जुनं, दम गेलेलं. बाबांच्या पावडरला साखर लागत नाही म्हणता, म्हणजे त्या पुडीत गुडमार आहे एवढं नक्की. त्यात आणखी काय काय आहे हे मात्र जीभ सांगणार नाही. कुंडीतलं पान चावून साखर गोडच लागणार, करून बघा, बाबांना पण दाखव, भांडण न करता पटवायला बरं पडेल.

नावांचा गोंधळ बाजारात पण आहे बरं का. आयुर्वेदात मेषशृंगी म्हणून जे सांगितलंय ते बहुतेक लोक गुडमारच धरतात, पण मराठी मुलखात मेढशिंगी नावाचं एक वेगळंच झाड आहे, चांगला मोठा वृक्ष, शिंगासारख्या वाकड्या शेंगांचा, आणि काष्ठौषधीच्या दुकानात नावावरून एकाच्या जागी दुसरं मिळू शकतं. म्हणून सुटी, लेबल नसलेली पुडी मला कधीच आवडत नाही.

रिसर्चचं विचारलंस. आहे, आणि जुना आहे. साधारण १८४७ च्या आसपास एजवर्थ नावाच्या आयरिश अधिकाऱ्याने ही जिभेची गंमत कळवली आणि ती लंडनच्या लिनियन सोसायटीपर्यंत पोचली. पुढे डेव्हिड हूपर यांनी १८८७ मध्ये उटीला बसून पानातून तो पदार्थ वेगळा काढला आणि जिम्नेमिक ॲसिड हे नाव त्याला तिथे मिळालं. १९३० मध्ये म्हसकर आणि कैयस या जोडीने गुडमारवर सविस्तर अभ्यास छापला. म्हणजे काल-परवा व्हॉट्सॲपवर उगवलेली ही वनस्पती नव्हे.

पण लोक ज्याच्या जोरावर ‘सायन्सने सिद्ध झालंय’ म्हणतात ते मद्रास विद्यापीठातले १९९० चे दोन अभ्यास. एकात टाइप २ चे २२ पेशंट होते, त्यांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर रोज ४०० मिलिग्रॅम गुडमारचा अर्क दिला, दीड वर्षाहून जास्त दिला. शुगर आणि एचबीए१सी बऱ्यापैकी खाली आलं, गोळ्यांचा डोस कमी करता आला, आणि २२ पैकी ५ जणांच्या गोळ्या बंद करून नुसत्या अर्कावर भागलं. दुसरा अभ्यास इन्सुलिनवर असलेल्या २७ पेशंटांचा, त्यांचं इन्सुलिन कमी लागायला लागलं. ऐकायला भारी वाटतं, आणि मला पण हे आकडे उडवून लावायचे नाहीत, पण नीट बघ. २२ माणसं म्हणजे एका मिनीबसमध्ये मावतील एवढी. कुणाला खरा अर्क आणि कुणाला नकली गोळी हे चिठ्ठ्या टाकून वाटलेलं नव्हतं, आपण काय घेतोय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि दर महिन्याला तपासायला बोलावलं की माणूस आपोआप जेवण-खाण सांभाळतो, गोळ्या वेळेवर घेतो, हे कुणीही डॉक्टर सांगेल. ५ जणांच्या गोळ्या सुटल्या म्हणतो तेव्हा १७ जणांच्या नाही सुटल्या हे पण त्याच कागदावर आहे. आणि ज्यांच्या सुटल्या त्यांच्या डॉक्टरांनी मोजून-मोजून सोडवल्या, कुणी संध्याकाळची गोळी गुपचूप डब्यात परत टाकली नव्हती.

नंतर पण काम झालंय. मेक्सिकोत ३० जणांवर, ज्यांची शुगर अजून डायबेटिसपर्यंत पोचली नव्हती, बारा आठवडे ३०० मिलिग्रॅम दोन वेळा देऊन नकली गोळीशी तुलना केली, तिथे साखरपाणी पिल्यानंतरची दोन तासांची शुगर आणि एचबीए१सी थोडं उतरलं. लंडनमध्ये स्वादुपिंडाच्या पेशींवर प्रयोग झाले, अर्काने इन्सुलिन जास्त सुटतं असं दिसलं. प्राण्यांमध्ये आतड्यातून साखर शोषली जाणं कमी होतं असं पण आहे. म्हणजे काहीतरी आहे खरं. पण शेकड्यांनी पेशंट घेऊन, वर्षानुवर्षं बघून, हार्ट वाचलं का, किडनी वाचली का, डोळे वाचले का असा हिशेब गुडमारचा अजून मांडला गेलेला नाही, आणि डायबेटिसची गोळी आपण त्याच्यासाठी घेतो, मीटरवरचा आकडा सुंदर दिसावा म्हणून नव्हे.

त्यात प्रयोगात अर्क वापरतात, ठराविक ताकदीचा. म्हापशाला मिळणारी नुसती वाळवून कुटलेली पानं. एका चमच्यात किती जिम्नेमिक ॲसिड आहे हे कुठल्या महिन्यात तोडली, कशी वाळवली, किती दिवस बरणीत होती याच्यावर. आज एका पुडीने शुगर खाली जाईल, पुढच्या पुडीने काहीच होणार नाही, आणि डॉक्टर बिचारे गोळ्यांचा डोस बदलत बसतील, त्यांना पावडरीचं माहीतच नाही.

कुंडीतल्या कॉस्टसचं तर त्याहून कमी आहे. जे काय काम झालंय ते जास्त करून उंदरांवर. नाव इन्सुलिन असलं म्हणून पान खाल्लं की इन्सुलिन घेतल्यासारखं होतं असं कुणी समजू नये. इन्सुलिन हे प्रथिन, तोंडावाटे घेतलं की पोटात डाळ-मासळीसारखं पचून जातं, म्हणून तर लोकांना सुई टोचून घ्यावी लागते, नाहीतर कोण कशाला टोचून घेईल.

तुझ्या सासऱ्यांना आणखी कुणीतरी सप्तरंगीचं मूळ पण सुचवेल, म्हणून आधीच सांगते. ती पण आपल्या कोकण-गोव्याच्या रानातली, आणि तिच्यावर खरं तर बरं काम झालंय, जपानी शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये त्याच कुळातल्या वनस्पतीतून सॅलॅसिनॉल नावाचा पदार्थ काढला, तो आतड्यात पिठूळ अन्नाची साखर होणं लांबवतो. श्रीलंकेत त्या लाकडाचे पेलेच करतात, रात्री पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी प्यायचं. पण दोन कारणांनी नको म्हणते. एक, मूळ खणून काढलं की वेल मेली, आणि रानं आधीच ओरबाडून झालीत. दुसरं जास्त महत्त्वाचं, सप्तरंगी घेणाऱ्या माणसाची शुगर खाली गेली तर साधी साखर लवकर कामाला येत नाही, कारण साखर फोडायचं कामच तिने अडवलेलं असतं. तिथे ग्लुकोज पावडरच पाहिजे. हे पुडी विकणारा कधी सांगत नाही.

आणि ‘गोळी म्हणजे केमिकल, पाला म्हणजे नैसर्गिक’ हे जर बाबा म्हणत असतील (म्हणतच असतील), तर त्यांना मेटफॉर्मिनची जन्मकथा सांग. युरोपात गॅलेगा नावाची जांभळट फुलांची एक रानटी वनस्पती आहे, जुने लोक ती जास्त लघवी आणि तहान लागणाऱ्या आजारात द्यायचे. त्यातला शुगर उतरवणारा पदार्थ सापडला, तो विषारी निघाला, त्याच्याच जातीतलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये बनलं आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी ते पेशंटांमध्ये वापरून छापलं. म्हणजे बाबांनी जी संध्याकाळची गोळी सोडली ती पाल्यावरूनच सुचलेली आहे, फक्त तिचं वजन, ताकद आणि धोके मोजून झालेत.

नैसर्गिक आहे म्हणून साइड इफेक्ट नाही हे पण खरं नव्हे. गुडमार घेतल्यावर लिव्हरला सूज आल्याची केस २०१० मध्ये छापून आलीय. अशा केस कमी आहेत, घाबरवायला सांगत नाही, पण लिव्हरची तपासणी एकदा करून घ्यायला काय जातं. आणि हर्बल म्हणून विकलेल्या शुगरच्या पुड्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइडसारखी ॲलोपॅथीची गोळी कुटून मिसळल्याचं वेगवेगळ्या देशांत पकडलं गेलंय. म्हणून एखादी पावडर आठ दिवसांत जादू करायला लागली की मला आनंद होत नाही, मला संशय येतो. मधुमेह मुळापासून बरा करतो अशी जाहिरात करणं आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी बसस्टॉपच्या खांबावर बघ काय काय चिकटवलेलं असतं.

मग करायचं काय. बाबांशी पाल्यावरून वाद घालू नको. या वयाच्या माणसाला आपल्या हाताने आपल्यासाठी काहीतरी करतोय याचं फार असतं, आणि सुनेने कुंडी उचलून मागल्या दारी नेऊन टाकली की ते शेजारच्या काकांच्या अंगणात जाऊन पानं चावणार, मग तुला कळणार पण नाही. त्यापेक्षा म्हण, बाबा, तुमचं औषध खरं की खोटं हे आपण मोजूनच बघूया. मेटफॉर्मिन परत कशी आणि कितीची सुरू करायची आणि सकाळच्या ग्लिमेपिराइडचं काय करायचं हे डॉक्टरना आजच फोनवर विचार, आणि त्यांना भेटेपर्यंत पावडर आणि पानं दोन्ही बंद. भेटायला जाताना पुडी, लेबल असेल तर लेबल, आणि कुंडीतलं एक पान असं सगळं घेऊन जा. डॉक्टर ओरडतील ही भीती सोड. ओरडले तरी ओरडू देत, त्यांना न सांगता ग्लिमेपिराइडवर पाला खाणं जास्त महागात पडेल. किडनीचं क्रिएटिनिन, लिव्हर आणि नवीन एचबीए१सी एकदमच करून घे. पुढे कधी बाबांचं कुठलं ऑपरेशन ठरलं, मोतीबिंदूचं पण धर, तर असलं काही घेत असतील ते तिथे आधी सांगायचं.

यानंतर पण बाबांना गुडमार घ्यायचंच असेल आणि डॉक्टरनी हो म्हटलं, तर कुंडी शोभेला ठेवायची आणि एकच गोष्ट, लेबल, बॅच नंबर, लायसन्स असलेली घ्यायची, वैद्याने सांगितलेल्या मापाने. तुमच्या तर तालुक्यातच धारगळला आयुर्वेदाचं केंद्र सरकारचं मोठं हॉस्पिटल झालंय २०२२ च्या डिसेंबरात, तिथे ओपीडीत वैद्याला दाखव, बाजारातल्या पुडीवाल्याला विचारण्यापेक्षा शंभर पटीने बरं. फक्त ॲलोपॅथीच्या गोळ्यांची चिठ्ठी तिथे दाखवायची आणि वैद्यांची चिठ्ठी इथे दाखवायची, दोघांपासून काही लपवायचं नाही. सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी आठवड्यातून दोन-तीनदा शुगर मोजून वहीत लिही, तारीख, वेळ, आदल्या रात्री काय जेवले. तीन महिन्यांनी एचबीए१सी परत. तीन महिने कारण लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तिच्यावर चिकटलेली साखर त्या सगळ्या दिवसांची सरासरी सांगते, एका दिवसाचं उपास-तापास तिथे चालत नाही. गोळी कमी करायची वेळ आली तर ती डॉक्टर कमी करतील, आणि बहुतेक ग्लिमेपिराइडच आधी कमी करतील, मेटफॉर्मिन नव्हे.

चवथ. पावडर चघळून नेवऱ्या खाणार म्हणे. यात बाबांचाच तोटा आहे हे त्यांच्या लक्षात कसं आलं नाही. पावडर चघळली की नेवरीतला गोडवा जाणार, उरणार काय तर तळलेलं पीठ आणि खोबऱ्याचा चोथा, आणि साखर मात्र सगळी रक्तात. चव घालवून शुगर वाढवायची ही कुठली हुशारी. त्यापेक्षा देवासमोरची एक नेवरी, जेवणाच्या शेवटी, चांगली चावून, चव घेऊन खाऊ देत, त्या जेवणात भात मुठीएवढा कमी, खतखतं (मिश्र भाजी) आणि मुगागाठी (मोडाचे मूग) जास्त. पातोळी पण अर्धी. मोजून बघा दोन तासांनी. आपल्याकडे चवथीला ज्याच्या-त्याच्या घरी जायचं आणि प्रत्येक घरी ताट पुढे येतं हा खरा प्रॉब्लेम, तेव्हा पाहुण्यांच्या घरी निघताना मात्र पावडर नाही तर नुसती वेलची-बडीशेप खिशात दे.

गुडमारचा एक उपयोग मला पटतो तो इथेच आहे, पण तो बाबांनी उलटा धरलाय. गोड खायची वखवख असलेल्या माणसाने गोड समोर यायच्या आधी ते जिभेवर घोळवलं तर मिठाईत मजाच उरत नाही आणि हात आपोआप मागे येतो. अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये असे प्रयोग झालेत, जिम्नेमिक ॲसिडची गोळी चघळायला दिली तर लोकांनी पुढची कँडी, चॉकलेट कमी खाल्लं. म्हणजे गोड टाळायला घ्यायचं, गोड खायला नव्हे. थुंकून टाकलं तरी जिभेचं काम होतं, पोटात जायची गरज नाही. पण ते पण डॉक्टरना विचारून झाल्यावरच.

माटोळीला (गणपतीवर रानफळं बांधतात ती चौकट) रानातून काय काय येतं आपल्याकडे, त्यातलं एखादं बघून कुणीतरी बाबांना हे पण शुगरला चालतं म्हणून सांगेल. कवंडाळ लालभडक, कितीही देखणं दिसलं तरी ते बांधायलाच, खायला नव्हे. शुगर पाहुण्यांच्या तोंडचं ऐकून उतरत नसते.

राहिले तुझे मिस्टर. ३९ वय आणि घरात वडिलांना शुगर, म्हणजे काळजी वाटणं बरोबरच आहे. २०२३ मध्ये देशभराचा जो मोठा सर्व्हे छापून आला त्यात मोठ्या माणसांमध्ये डायबेटिसचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात जास्त निघालं, २६.४ टक्के, देशाचं ११.४. म्हणजे चारातला एक. पण न मोजता पावडर खाण्याला काय अर्थ आहे. त्यांनी आधी उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी करायचं. एचबीए१सी ५.७ च्या खाली असेल तर पावडर कशाला, आणि ५.७ ते ६.४ मध्ये असेल तर त्यावर उपाय माहीत आहे, तो पुडीत मिळत नाही. चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये अशाच उंबरठ्यावरच्या लोकांचा अभ्यास छापला होता, नुसतं चालणं आणि खाणं सुधारून डायबेटिस होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी खाली आला, आणि ते शेकडो माणसांवर, चिठ्ठ्या टाकून, साधारण अडीच वर्षं बघून. तेव्हा मिस्टरांना म्हण, सकाळी बाबांबरोबर देवळापर्यंत चालत जा, बाबांनी आधी काहीतरी खाल्लंय ना हे बघ, आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेव. पोयी (गोव्याचा पाव) दोनाची एक, आणि संध्याकाळी बियरबरोबर जे तळलेलं चालतं त्याचं मी बोलत नाही, तूच बोल.

टेस्टचे आकडे आले की परत लिही, बाबांचे आणि मिस्टरांचे दोघांचे. आणि ईसीजी विसरू नको, ते पहिलं.